समुद्री शैवालातल्या सल्फेटवाल्या शर्करा विषाणूंना खरंच अडवतात का?

खारवट (धागाकर्ता)

१९५८ साली पॉल गर्बर आणि सहकाऱ्यांनी जेलिडियम कार्टिलॅजिनियम या लाल समुद्री शैवालाचा अर्क कोंबडीच्या फलित अंड्यांत टोचला आणि त्या अंड्यांना इन्फ्लुएन्झा बी किंवा गालगुंडाच्या विषाणूची लागण केली. अर्क मिळालेल्या भ्रूणांना संरक्षण मिळालं. अर्कातला कामाचा भाग होता पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी.

त्यानंतर याच घराण्यातल्या, म्हणजे सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजनचा ऋणभारित गट) जोडलेल्या, शर्करांनी प्रयोगशाळेत हर्पिस, डेंगी, एचआयव्ही, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा), सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा) आणि २०२०पासून सार्स-कोव्ह-२ (कोविडचा) अशा कितीतरी विषाणूंना अडवून दाखवलंय. यादी बघून कुणीही विचारेल, मग औषध कुठाय? या प्रश्नामागे लागून बरंच वाचून झालं. साठलेलं इथे ओततो, जाणकारांनी भर घालावी.

मुख्य पात्रं तीन. लाल शैवालातलं कॅराजीनन, तपकिरी शैवालातलं फ्युकॉयडन (हे स्वीडनच्या हाराल्ड किलिन यांनी १९१३ साली वेगळं केलं) आणि हिरव्या अल्व्हातलं अल्व्हान. कॅराजीननमध्ये पुन्हा कप्पा, आयोटा, लॅम्डा असे पोटभेद आहेत. ढोबळमानाने दर दोन साखरांमागे कप्पाला एक सल्फेट, आयोटाला दोन, लॅम्डाला तीन. प्रत्येक सल्फेटवर ऋण भार, त्यामुळे अख्खी साखळी ऋणभारित. अल्जिनेटही तपकिरी शैवालातच मिळतं, पण त्याच्यावर सल्फेट नाही, म्हणून या गोष्टीत त्याला भूमिका नाही.

आता विषाणूची बाजू. आपल्या जवळपास सगळ्या पेशींच्या अंगावर हेपरान सल्फेट नावाच्या साखळ्यांचं जंगल असतं. त्याही सल्फेटवाल्या, त्याही ऋणभारित. बऱ्याच विषाणूंच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांत लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचे धनभारित पट्टे असतात. विषाणू आधी या जंगलात अडकतो, पेशीवर गोळा होतो आणि मग आपल्या खऱ्या रिसेप्टरकडे (पेशीत शिरायला लागणाऱ्या प्रथिनाकडे) सरकतो. हर्पिस सिम्प्लेक्सची पहिली पकड हेपरान सल्फेटवरच असते हे वूडन आणि स्पिअर यांनी १९८९मध्ये दाखवलं. सार्स-कोव्ह-२चं स्पाइक प्रथिनही एसीई२ या त्याच्या रिसेप्टरकडे जाण्याआधी हेपरान सल्फेटचा आधार घेतं, हे २०२०मध्ये पुढे आलं.

शैवालाची शर्करा इथे मधे पडते. कुसळं धोतराला चिकटण्याआधी कुणी मधे चिंधी धरावी तसं. विषाणू शर्करेलाच चिकटतो, पेशीपर्यंत पोचत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. ही अडवणूक खरी आहे, थोतांड नाही. पण ती विषाणू शिरतो त्याच जागी आणि शिरायच्या वेळीच होते. ही अट विसरून केलेले दावे फुसके निघालेत.

---

टवाळ_तरंग

पहिला नंबर माझा! वाचून सावकाश लिहिते.

---

प्रश्नपत्रिका

छान धागा. दोन बाळबोध शंका. विषाणू पेशीत शिरून बसला असेल तर या शर्करा त्याचं काय वाकडं करणार? आणि एवढ्या वेगवेगळ्या विषाणूंवर एकच पदार्थ चालतो, हे ऐकूनच मला संशय येतो. सर्व रोगांवर एकच रामबाण म्हटलं की माझा हात आपोआप खिशावर जातो.

---

खारवट

@प्रश्नपत्रिका, बाळबोध कसल्या, मुद्द्याच्या आहेत.

पहिलीचं उत्तर: फारसं काही नाही. हे रेणू अवाढव्य असतात, दहा हजारांपासून लाखो डाल्टनपर्यंत (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). पेशीच्या आत जाऊन विषाणूची नक्कल थांबवणं त्यांच्या आवाक्यात नाही. एका पेशीतून बाहेर पडलेला विषाणू शेजारच्या पेशीत जाताना अडवू शकतात, तेवढंच.

दुसरीबद्दल: इथे संशय थोडा बाजूला ठेवता येईल, कारण हे विषाणू वेगवेगळे असले तरी त्यांची चिकटायची पहिली पायरी सारखी आहे. जे त्या पायरीवर अवलंबून नाहीत त्यांच्यावर परिणामही होत नाही. एके काळी समज होता की फक्त चरबीचं वेष्टण असलेल्या विषाणूंवरच हे चालतं. एचपीव्ही आणि ऱ्हायनोव्हायरस यांना वेष्टण नाही, तरी ते अडतात. तेव्हा वेष्टणापेक्षा पृष्ठभागावरचा भार महत्त्वाचा म्हणायचा.

---

पेट्रीडिश

विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून राहवलं नाही. प्रतिसाद लांबणार आहे.

विषाणू मोजायची आमची जुनी पद्धत म्हणजे प्लाक अ‍ॅसे. प्लेटच्या तळाला पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यावर पातळ केलेला विषाणू तासभर ठेवायचा, मग तो काढून वरून कोमट आगर ओतायचं. आगर थिजलं की विषाणूला लांब पोहता येत नाही, तो फक्त शेजारच्या पेशी खातो. काही दिवसांनी आगर काढून क्रिस्टल व्हायोलेट घातलं की जिवंत पेशी जांभळ्या होतात आणि मेलेल्यांच्या जागी पांढरी भोकं दिसतात, तेच प्लाक. एक भोक म्हणजे सुरुवातीचा एक विषाणू.

गंमत अशी की आगरसुद्धा लाल शैवालातूनच येतं आणि साध्या आगरात सल्फेटवाला अंश उरलेला असतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की ईएमसी या प्राण्यांतल्या विषाणूचे काही प्रकार आगराखाली बारीकशीच भोकं पाडतात, कारण आगरातली सल्फेटवाली शर्करा त्यांना पसरू देत नाही. डेंगीचंही आगराखाली नीट जमत नव्हतं. १९६३मध्ये शुल्झे आणि श्लेसिंगर यांनी डेंगीसाठी आगराऐवजी मिथाइल सेल्युलोज वापरायची पद्धत प्रसिद्ध केली. दुसरा तोडगा म्हणजे आगरात डीईएई-डेक्स्ट्रान किंवा प्रोटॅमिन घालायचं. ही धनभारित असल्याने सल्फेटची तोंडं बंद करतात. म्हणजे तुम्ही ज्याला औषधी गुण म्हणताय तो आमच्याकडे कटकट म्हणून फायलीला लागलेला आहे. मला तर हा त्या गुणाचा फार भक्कम पुरावा वाटतो, कारण तो शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू. ‘अमुक शैवालाने विषाणू ९९ टक्के रोखला’ असा निबंध आला की मी आधी पद्धतीचा भाग उघडते. विषाणू आणि अर्क आधी एकत्र मिसळून ठेवून मग पेशींवर घातलेत का? मग निकाल झकास येणारच. तोच अर्क लागण झाल्यावर दोन तासांनी घालून बघा, बहुतेक वेळा आकडा धाडकन खाली येतो. दोन्ही केलं असेल तर निबंध पुढे वाचते.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. ऋणभारित शर्करा पीसीआरमध्येही (विषाणूचे जनुकीय अंश वाढवून मोजायच्या चाचणीत) घोळ घालतात. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या, तशाच सल्फेटवाल्या शर्करेच्या) नळीत घेतलेलं रक्त पीसीआरला चालत नाही ते याच कारणाने. नमुन्यात शर्करा उरली असेल तर विषाणू असूनही यंत्र ‘कमी आहे’ म्हणेल. १९८७मध्ये स्किझिमेनिया पॅसिफिका या लाल शैवालाच्या अर्काने रेट्रोव्हायरसचं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर थांबतं, असं जपानी गटाने दाखवलं होतं. परीक्षानळीत ते बरोबरच आहे. पण आपण आरटी-पीसीआर करतो त्यातही हेच विकर वापरतो! म्हणून नुसत्या पीसीआरवर विसंबलेला दावा असेल तर मी प्लाकचा आकडा मागते.

आणि चौथी, सगळ्यात छुपी. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला विषाणू हेपरान सल्फेटला जास्त घट्ट चिकटायला शिकतो, कारण प्लेटमधल्या पेशींवर ते सोयीचं पडतं. सिंडबिस आणि लाळ्याखुरकूतच्या विषाणूंत हे स्पष्ट दिसलंय. अशा सवयीच्या विषाणूवर शैवालाची शर्करा फारच प्रभावी दिसते. रुग्णाकडून थेट आलेला विषाणू तेवढी दाद देईलच असं नाही.

---

टवाळ_तरंग

पेट्रीताई, तुमच्या शत्रुपक्षात आपण कधी नसावं एवढीच प्रार्थना.

---

सावध_वाचक

पेट्रीडिश यांच्या प्रतिसादाला जोडून. २०२०मध्ये ‘समुद्री शैवाल रेमडेसिव्हिरपेक्षा सरस’ अशा बातम्या फिरल्या होत्या, त्यामागचा मूळ निबंध अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या गटाचा. सॅकॅरिना जॅपोनिका या तपकिरी शैवालातून काढलेला आरपीआय-२७ हा नमुना. व्हेरो पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या) सार्स-कोव्ह-२ निम्म्यावर आणायला मिलिलीटरला सुमारे ८.३ मायक्रोग्रॅम लागला. रेणूचं वजन साधारण एक लाख डाल्टन, म्हणजे ८३ नॅनोमोलर (हे माप वजनाचं नव्हे, रेणूंच्या संख्येचं). तुलनेला घेतलेला रेमडेसिव्हिरचा आकडा ०.७७ मायक्रोमोलर, म्हणजे ७७० नॅनोमोलर. झालं, नऊ पट सरस!

पण रेमडेसिव्हिरचा रेणू जेमतेम ६०३ डाल्टनचा. ०.७७ मायक्रोमोलर म्हणजे मिलिलीटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी. वजनाने मोजलं तर शैवालाचा पदार्थ सुमारे अठरा पट जास्त लागतो. एकाच आकड्याची दोन तोंडं. शिवाय रेमडेसिव्हिर पेशीत गेल्यावर बदलून कामाचं होतं आणि व्हेरो पेशींत ते बदलणं नीट होत नाही, म्हणजे प्रतिस्पर्धी लंगडी घालत पळत होता. निबंध चांगलाच आहे, त्यांनी हेपॅरिनशी केलेली तुलनाही उपयोगी आहे. मथळे वाईट होते.

---

आजीचा_बटवा

सगळ्यांचं वाचतेय. चर्चा प्लेट आणि नळीतच फिरतेय म्हणून विचारते. फ्युकॉयडनच्या कॅप्सूल सर्रास मिळतात, ‘प्रतिकारशक्ती’ आणि ‘विषाणूरोधक’ असं ठळक छापलेलं असतं. एक नातेवाईक नेमाने घेतात आणि त्यांना सर्दी कमी होते असं त्यांचं म्हणणं. पोटात घेतलेलं हे नाकापर्यंत पोचतं का?

---

ओपीडीनंतर

@आजीचा_बटवा, सरळ उत्तर: विषाणूला अडवेल एवढ्या प्रमाणात पोचतं याला काही आधार नाही. एवढे मोठे ऋणभारित रेणू आतड्यातून जवळपास शोषलेच जात नाहीत. फ्युकॉयडनचे अंश रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत, पण ते अंशच.

या बाबतीत जुना आणि महाग धडा आहे डेक्स्ट्रान सल्फेटचा. तो शैवालातला नाही, पण त्याच जातकुळीचा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लेटमध्ये तो एचआयव्ही सुंदर रोखत होता. रुग्ण इतके हवालदिल होते की चाचण्या संपायच्या आत लोकांनी तो मिळेल तिथून आणून गिळायला सुरुवात केली. १९८९मध्ये कळलं की तोंडाने घेतलेला शोषलाच जात नाही. मग १९९१मध्ये फ्लेक्सनर आणि सहकाऱ्यांनी तो शिरेतून सतत देऊन पाहिला. प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या, केस गळाले आणि विषाणूचं पी२४ प्रथिन (रक्तात विषाणू किती आहे याची खूण) कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. औषध थांबवल्यावर प्लेटलेट पूर्ववत झाल्या, पण तो रस्ता तिथेच बंद झाला.

तोंडाने घेतलेल्या फ्युकॉयडनचे माणसांतले दोन अभ्यास मला उल्लेखनीय वाटतात. जपानमध्ये एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे मज्जारज्जूचा आजार झालेल्या १३ रुग्णांना रोज ६ ग्रॅम फ्युकॉयडन ६ ते १३ महिने दिलं (अराया, २०११). पेशींत दडलेल्या विषाणूच्या डीएनएचं प्रमाण सरासरी ४२ टक्क्यांनी घटलं. चौघांना जुलाब झाले, थांबवल्यावर बरे झाले. तुलनेला दुसरा गट नव्हता. दुसरा २०१३चा, तोही जपानचा: ७० वृद्धांपैकी काहींना रोज ३०० मिलिग्रॅम मेकाबू फ्युकॉयडन चार आठवडे देऊन मग फ्लूची लस दिली. फ्युकॉयडन गटात प्रतिपिंडं जास्त तयार झाली. म्हणजे प्रतिकारयंत्रणेवर काहीतरी परिणाम आतड्यामार्फत होत असू शकतो. पण त्याचा ‘विषाणूला चिकटून अडवतं’ या गोष्टीशी संबंध नाही. कॅप्सूलवाले दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत भरतात.

नातेवाइकांना सर्दी कमी होत असेल तर आनंद आहे. फक्त त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते विचारा. हे महत्त्वाचं आहे, खाली कुणी विचारलंच तर सविस्तर लिहितो.

---

प्रश्नपत्रिका

विचारलं! लिहा.

---

ओपीडीनंतर

हेपॅरिन म्हणजे काय, तर सल्फेटवाली शर्कराच. रक्त गोठण्याच्या साखळीतली प्रथिनंही धनभारित पट्टे घेऊन फिरतात. विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारी साखळी त्यांनाही चिकटू शकते. फ्युकॉयडन प्रयोगशाळेत रक्त गोठायचा वेळ लांबवतं, हे जुनं ज्ञान आहे. तोंडाने घेतल्यावर परिणाम किरकोळ असेल, पण वॉरफरिन किंवा तत्सम औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. अख्खं शैवाल किंवा कच्चा अर्क असेल तर आयोडीनचाही विचार करावा लागतो, विशेषतः थायरॉइडच्या रुग्णांनी.

---

शंखशिंपले

थोडं अवांतर: आतड्यातले जिवाणू या शर्करांचं काय करतात हाही मजेशीर भाग आहे. पॉर्फिरा या लाल शैवालात पॉर्फिरान नावाची सल्फेटवाली शर्करा असते. समुद्रातल्या झोबेलिया जिवाणूकडे ती तोडायचं विकर आहे. २०१०मध्ये फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स प्लेबिअस जिवाणूने त्या विकराची जनुकं समुद्री जिवाणूंकडून उचललेली आहेत. म्हणजे एकच कॅप्सूल दोन माणसांच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकते.

---

आकडेमोड

आता माणसांवरच्या खऱ्या चाचण्यांकडे वळू, कारण कस तिथेच लागतो.

सगळ्यात मोठी चाचणी कॅरागार्डची. कॅराजीननची योनीत लावायची जेल, पॉप्युलेशन कौन्सिलने विकसित केलेली. दक्षिण आफ्रिकेत २००४ ते २००७, एकूण ६,२०२ स्त्रिया. उद्देश एचआयव्ही रोखणं. जेल गटात १३४ जणींना लागण झाली, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ जेल) गटात १५१ जणींना. दर १०० स्त्री-वर्षांमागे ३.३ विरुद्ध ३.८. फरक योगायोगाच्या कक्षेत. जेल सुरक्षित ठरली, निरुपयोगी ठरली.

पण माझ्या लक्षात राहिला तो वेगळाच आकडा. किती वेळा वापरलीत असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर सुमारे ९६ टक्के. वापरून परत आलेल्या अ‍ॅप्लिकेटरवर रंग टाकून तपासलं तर खरा वापर निघाला सुमारे ४२ टक्के. आता सांगा, औषध नापास झालं की वापर?

---

ओपीडीनंतर

आकडेमोड, त्या प्रश्नाचं उत्तर अर्धवटच मिळतं. त्याच सुमारास सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी (हाही भाऊबंद, पण शैवालातला नव्हे) जानेवारी २००७मध्ये थांबवावी लागली, कारण जेल गटात लागण जास्त दिसत होती. तिथे ‘नीट वापरली नाही’ हे कारण पुरत नाही. नंतरच्या प्रयोगांत सेल्युलोज सल्फेट अगदी पातळ झाल्यावर एचआयव्हीची लागण उलट वाढवू शकतं असं दिसलं. म्हणजे धुपून गेलेली जेल निव्वळ निष्क्रिय असेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय एचआयव्हीचे माणसामाणसांत पसरणारे प्रकार (आर५) हे प्रयोगशाळेतल्या लाडक्या एक्स४ प्रकारांपेक्षा कमी धनभारित, म्हणून शर्करेला कमी दाद देणारे. पेट्रीडिश यांचा चौथा मुद्दा इथे माणसांच्या किमतीवर सिद्ध झाला.

उलट एचपीव्हीची गोष्ट आशादायक आहे. २००६मध्ये बक, शिलर, लोवी वगैरे मंडळींनी दाखवलं की कॅराजीनन एचपीव्हीला हेपॅरिनच्या हजारपट ताकदीने रोखतं. पुढच्याच वर्षी उंदरांच्या जननमार्गातही ते दिसलं. मग मॉन्ट्रियलमध्ये ४६१ स्त्रियांची चाचणी. २०२३मध्ये अंतिम निकाल आला: नवी एचपीव्ही लागण कॅराजीनन गटात सुमारे ५२ टक्क्यांना, प्लासिबो गटात सुमारे ६६ टक्क्यांना. धोका ३७ टक्क्यांनी कमी. लसीपुढे हे काहीच नाही, पण शून्यही नाही. त्याच गटाने पुरुषांत गुदमार्गातल्या एचपीव्हीसाठी तशीच जेल तपासली तर फायदा दिसला नाही आणि त्रास मात्र जास्त झाला. पदार्थ तोच, विषाणू तोच, जागा बदलली की निकाल बदलला.

---

आकडेमोड

हे वाचून धागाकर्त्याच्या ‘जागा आणि वेळ’ या मुद्द्याला माझं +१.

आता नाक. आयोटा-कॅराजीननचे नाकात मारायचे स्प्रे काही देशांत विकले जातात. सर्दीवरच्या चाचण्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. २०१०मध्ये ३५ जणांची छोटी चाचणी, निकाल छान: लक्षणं कमी, विषाणूही कमी. २०१२मध्ये १५३ मुलांवर: लक्षणांत ठोस फरक नाही, विषाणूचं प्रमाण मात्र कमी. २०१३मध्ये २११ प्रौढ: विषाणू सापडलेल्या आणि उपचार नीट पाळलेल्यांत आराम सुमारे दोन दिवस लवकर. २०१५मध्ये २०० जण: आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक नाही. यांपैकी बऱ्याच अभ्यासांत उत्पादकाचा हात आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. २०२१मध्ये हेल्सिंकीच्या हेमिला यांनी दोन चाचण्यांची कच्ची आकडेवारी पुन्हा तपासून बरं होण्याचा वेग ५४ टक्क्यांनी वाढतो असं मांडलं.

कोविडसाठी अर्जेंटिनातली चाचणी सगळे उद्‌धृत करतात. ३९४ आरोग्य कर्मचारी, दिवसातून चार वेळा स्प्रे, २१ दिवस. स्प्रे गटात १९६पैकी २ जणांना कोविड, प्लासिबो गटात १९८पैकी १०. जाहिरातीत हे ‘८० टक्के संरक्षण’ होतं. मूळ निबंधात त्या ८०च्या बाजूला विश्वासार्हतेची कक्षा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) दिलीय: ५ ते ९५ टक्के. एकूण केसेस बाराच! दोनाऐवजी पाच निघाल्या असत्या तरी गोष्ट बदलली असती. मी याला ‘मोठी चाचणी करण्याजोगा संकेत’ म्हणेन, त्याहून जास्त नाही.

---

खारवट

नाकाची जागा त्यातल्या त्यात अनुकूल आहे असं मला वाटतं. श्वसनाचे बरेच विषाणू तिथेच पहिल्यांदा उतरतात, औषध थेट तिथेच मारता येतं, शोषण व्हायची गरज नाही. शोषण न होणं हाच तिथे फायदा, अंगभर दुष्परिणाम नाहीत. अडचण एवढीच की नाकातला शेंबूड थांबत नाही. आतले केसांसारखे सूक्ष्म तंतू तो सतत मागे ढकलत असतात आणि साधा द्रव दहा-वीस मिनिटांत घशात जातो. कॅराजीनन चिकट असल्याने जास्त टिकतं, पण तासन्‌तास नाही. म्हणून दिवसातून तीन-चारदा मारा.

---

रसायनू

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि ती माझ्या धंद्याची आहे.

तुम्ही सगळे ‘फ्युकॉयडन’ असं एकवचनात म्हणताय. असा एक पदार्थ अस्तित्वात नाही. फ्युकस व्हेसिक्युलोससचं वेगळं, उंडारिया पिनाटिफिडाचं वेगळं, क्लॅडोसिफॉनचं तिसरंच. कुठे साखळी निव्वळ फ्युकोजची, कुठे मधे गॅलॅक्टोज, मॅनोज, युरॉनिक आम्ल. फांद्या वेगळ्या, सल्फेट कितव्या कार्बनवर आहे ते वेगळं. एकाच जातीचं शैवाल वेगळ्या महिन्यात काढलं तरी सल्फेटचं प्रमाण हलतं. अ‍ॅस्पिरिनचा रेणू कुणीही कुठेही बनवला तरी तोच. इथे तसं नाही, त्यामुळे एका निबंधातला आकडा दुसऱ्या बाटलीला लावताच येत नाही.

काढायची पद्धत थोडक्यात: वाळलेलं शैवाल दळायचं, आधी अल्कोहोलने धुऊन रंगद्रव्यं आणि मेद काढायचे. मग गरम पाण्यात किंवा सौम्य आम्लात उकळायचं. कॅल्शियम क्लोराइड घातलं की अल्जिनेट खाली बसतं, ते गाळून टाकायचं. उरलेल्या द्रावात अल्कोहोल ओतलं की तंतूंसारखा लगदा वर येतो. तोच कच्चा माल. पुढे शुद्धीकरणासाठी डायलिसिस आणि आयन एक्स्चेंज कॉलम. आम्ल जरा जास्त झालं किंवा उकळी लांबली की साखळ्या तुटतात आणि सल्फेट गळतात, म्हणजे नेमका कामाचा भागच जातो.

आणि अल्कोहोलची पहिली धुलाई आळसाने केली तर तपकिरी शैवालातले फ्लोरोटॅनिन बरोबर येतात. हे पॉलिफेनॉल प्रथिनांना चिकटण्यात पटाईत. त्यांचाही विषाणूंवर परिणाम दिसतो. मग प्लेटमध्ये दिसलेला पराक्रम शर्करेचा की टॅनिनचा? माल पांढराशुभ्र न निघता तपकिरी निघाला तर मला पहिली शंका हीच येते.

---

सावध_वाचक

@रसायनू, मग लेबलवर काय बघावं माणसाने?

---

रसायनू

शैवालाची जात, सल्फेटचं शेकडा प्रमाण, सरासरी रेणुभार, शुद्धता, आणि जड धातू (विशेषतः आर्सेनिक) तपासल्याचा दाखला. पाचही दिसले तर बाटलीचा फोटो इथे डकवा, मला बघायला आवडेल.

---

प्रश्नपत्रिका

शेवटची शंका, मग गप्प बसतो. शर्करेला चिकटलेला विषाणू मरतो का?

---

पेट्रीडिश

नाही, आणि हे या सगळ्यातलं कळीचं दुखणं आहे. बहुतेक वेळा पकड उलटी फिरणारी असते. करून बघता येतं: विषाणू आणि शर्करा एकत्र ठेवायचे, मिश्रण हजार पट पातळ करायचं आणि मग पेशींवर घालायचं. शर्करा इतकी विरळ झाली की विषाणू सुटतो आणि प्लाक परत उगवतात. शरीरात पातळ व्हायला तर जागाच जागा.

यावर २०१८मध्ये एक सुरेख काम झालं. लोझानच्या ईपीएफएलमधल्या स्टेलाची यांच्या गटाने सोन्याच्या नॅनोकणांवर लांब, लवचीक शेपट्या लावल्या आणि टोकाला सल्फोनेट, म्हणजे हेपरान सल्फेटची नक्कल. लांब शेपट्यांमुळे विषाणूला एकाच वेळी अनेक ठिकाणी पकड बसते आणि त्या ताणाने त्याचं कवच बिघडतं. पातळ केलं तरी तो पुन्हा उठत नाही. शैवालाच्या शर्करेला रासायनिक शेपटी लावून तेच साधता येईल का, यात मला जास्त रस आहे. नवनव्या शैवालांचे कच्चे अर्क तेच ते हर्पिसवर टाकून बघण्यापेक्षा नक्कीच.

---

शंखशिंपले

आणि ग्रिफिथसिन? तेही लाल शैवालातलंच ना, विषाणूरोधक म्हणून फार नाव ऐकलंय.

---

खारवट

शैवालातलं खरं, पण ते प्रथिन आहे, शर्करा नव्हे. त्याचं काम बरोबर उलट्या बाजूने चालतं: विषाणूच्या अंगावर ज्या मॅनोज साखरा असतात त्यांना ते पकडतं. एचआयव्हीवर त्याचा प्रभाव २००५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या गटाने मांडला आणि पुढे ते कॅराजीननबरोबर एकाच जेलमध्ये घालूनही तपासलं गेलं. ग्रिफिथसिनचा पसारा मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढा शंखशिंपले, इथे घातलं तर दोन्हींची खिचडी होईल.